धुऱ्यावर सापडलेली शेंबी

चैत्र लागला आणि शिवारात धुरे पेटायला लागले की मला ते घर आठवतं. घर कसलं, मी पाहिलं तेव्हा चार काळ्या भिंती उरल्या होत्या. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्यात दगडही खाल्ला. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. हे प्रकरण मात्र पुसट होत नाही. गंमत अशी की कागदोपत्री तो मोठा गुन्हाही नव्हता. ‘अकस्मात जळीत’ एवढीच आमच्या रजिस्टरला नोंद होती.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यात, मानोऱ्याकडच्या भागात ठाणेदार होतो. रामनवमीचे दिवस होते आणि पोहरादेवीच्या यात्रेला निम्म्याहून जास्त ठाणं बंदोबस्तात अडकलं होतं. मीही तिथेच होतो. भर दुपारी निरोप आला की एका गावाजवळची टेकडी पेटली आणि पायथ्याचं शेतातलं एक घर जळालं. यात्रेतून हलणं शक्य नव्हतं. बीट जमादाराला पाठवलं. त्याने पंच घेऊन पंचनामा केला, तलाठ्याने आपला केला. माणूस कोणी दगावलं नाही, ढोरं वाचली. वणवा डोंगरातून आला, असा घरमालकाने जबाब दिला. त्या दिवसांत आजूबाजूच्या टेकड्यांवर वणवे लागतच होते, त्यामुळे कोणालाही तो खरा वाटावा असाच होता.

घरमालक चाळिशीतला. तालुक्याच्या गावी त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. स्वतःच्या हाताने ग्रिल, दारं, जिना करून त्याने शेतात पक्कं घर बांधलं होतं. घरात तो, त्याची बायको, दोन शाळकरी मुली आणि म्हातारा बाप. घरासाठी बँकेचं कर्ज काढलेलं, आणि कर्जासोबत बँकेने घराचा विमाही उतरवलेला. विम्याला वर्षही झालं नव्हतं.

एवढं कळल्यावर गाव बोलायला लागणार हे ओघाने आलंच. ज्याचा रोजचा धंदाच ठिणग्यांचा, त्याच्या घराला आग लागली आणि वर विमाही नवा. पारावर बसणाऱ्यांना याहून जास्त काय पाहिजे?

यात्रा आटोपून मी ठाण्यात येऊन बसलो आणि फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, “साहेब, थ्या जळेल घराच्या गोठ्यात जाऊन पाहा. ढोराचे दावे कापेल हायत. इळ्यानं कापेल. मालक म्हनते मी दुकानात होतो. मंग दावे कोनं कापले?”

“तुम्ही कोण?”

“मी कोनी का असेना. तुमी दावे पाहा.” फोन बंद.

निनावी फोन करणाऱ्याला वाटतं आपण फार हुशारी केली. जमादार बाजूलाच होता. त्याने आवाज ओळखला आणि मिशीत हसला. शेजारचा शेतवाला, घरमालकाचा चुलतभाऊ. दोघांचा धुरा एक, म्हणजे दोन शेतांमधला बांध सामायिक. सामायिक धुरा असला की सामायिक वैर असतंच, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पण वैऱ्याने सांगितलं म्हणून माहिती खोटी ठरत नाही. मी जीप काढायला सांगितली.

ढोरांची दावी खरंच कापलेली होती. खुंट्याला राहिलेलं टोक जळालं होतं, पण एका ठिकाणी अर्धा हात दोर शाबूत होता आणि त्याचं टोक एका घावात तुटलेलं होतं. म्हणजे आग पोचण्याआधी कोणीतरी गोठ्यात होतं आणि त्याच्याजवळ गाठी सोडण्याइतका वेळ नव्हता.

कुटुंब गोठ्यापलीकडे टिनाचे पत्रे उभे करून राहत होतं. एप्रिलचं ऊन आणि वर टिन. घरमालकाची बायको चुलीशी होती. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकताच येऊन गेला होता. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “साहेब, जे जे जळलं त्याचे बिलं आना म्हनते. बिलं तं घरातच होते. थे कोठून आनू?”

शाळेचे दाखले, आधारकार्डं, शेताचे कागद, गॅसचं पुस्तक, सगळं राख झालेलं. एकेका कागदासाठी तिचा नवरा तालुक्याला खेटे घालत होता आणि प्रत्येक खिडकीवर त्याला आधीचा कागद मागत होते. घर उरलं नव्हतं, घराचा हप्ता मात्र चालू होता. घर जळतं तेव्हा लोक बादल्या घेऊन धावतात. त्यानंतरच्या जळण्याला कोणी धावत नाही.

म्हातारा पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसला होता. सासू गेल्या वर्षीच वारली, हे सुनेने सांगितलं. म्हाताऱ्याच्या हाताला पट्टी होती, भुवया जळालेल्या. ऐकायला कमी. मी नमस्कार केला तर काठी धरून उठायला लागला. हिरव्या बांबूची नुकती तोडलेली काठी होती, अजून तिची साल निघाली नव्हती. पोलिसाची नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातापायांवर जाते, ती खोड मला अजून आहे. काठी डोक्यात राहिली. का राहिली ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगवाल्याला ठाण्यात बोलावलं. विमा कंपनीचा नागपूरहून आलेला तपासनीसही त्याच सुमारास भेटून गेला होता. सभ्य माणूस होता. तो सरळ म्हणाला, “साहेब, आग कशी लागली हे तुमच्या अंतिम अहवालात स्पष्ट आलं की आमचा प्रश्न सुटतो. पण घरमालक काहीतरी लपवतोय.” त्याचं चूक नव्हतं. लपवतोय हे मलाही दिसत होतं.

“आग लागली तेव्हा कुठे होतास?”

“दुकानात.”

“शेजारचा टायरवाला म्हणतो तुझं शटर खाली होतं.”

त्याने हात टेबलाखाली घेतला.

“दावी कोणी कापली?”

“मले नाई माईत.”

“मनगटावर काय झालंय?”

“वेल्डिंगचं हाय, साहेब. रोजचंच.”

वेल्डिंगवाल्याचे हात मी पुष्कळ पाहिलेत. ठिणगीचा डाग मोहरीएवढा असतो आणि ते डाग जुने-नवे मिसळून सगळीकडे असतात. याच्या मनगटापासून कोपरापर्यंत एकच सलग फोड होता, जळतं काहीतरी आडवं धरल्यासारखा. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. आमच्या धंद्यात हे नाटक करावंच लागतं. चांगले चांगले लोक या नाटकाला घाबरतात. हा घाबरला नाही. घर पेटवल्याचा संशय आहे, आत जाशील, विमा तर बुडेलच, हे सगळं त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग मी सहज विचारलं, “त्या वेळी तुझे वडील कुठे होते?”

मान ताडकन वर आली. “बाबाले कायले आनता मधात? थे बुढे मानूस. त्याहिले काई माईत नाई. मले विचारा जे विचाराचं थे. आत टाकाचं तं मले टाका.”

स्वतःवर आळ आला तेव्हा थंड बसलेला माणूस बापाचं नुसतं नाव काढल्यावर पेटला. मी त्याला घरी पाठवलं. जमादार बुचकळ्यात पडला. “साहेब, एवढा ढिला पडत होता, अन् सोडला?” मी म्हटलं, “चल, शेत पुन्हा पाहू.”

या वेळी मी घराकडे गेलो नाही, धुऱ्याकडे गेलो. पेरणीआधी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत आणि काटेकुटे जाळून टाकायचे, ही वऱ्हाडातली पिढ्यांची रीत आहे. वनखातं दरवर्षी दवंडी देतं, दंडाची भीती घालतं, लोक दरवर्षी जाळतात. जाळायचीही पद्धत असते. सकाळी वारा पडलेला असताना पेटवायचं. त्याआधी धुऱ्याच्या दोन्ही अंगांना हातभर जागा खरडून घ्यायची, म्हणजे आग बाहेर जात नाही. एकाने पेटवत जायचं आणि दुसऱ्याने पळसाची ओली फांदी घेऊन उभं राहायचं, आग इकडे-तिकडे सरकली की झोडपायची.

हा धुरा तसाच खरडलेला होता. डोंगरातून आलेला वणवा आधी येऊन जागा खरडत नाही. धुऱ्याच्या वरच्या टोकाला, टेकडीच्या गवताला लागून, एक जुनं खोड आतून पोकळ जळून गेलं होतं आणि तिथून पुढे सगळी टेकडी काळी. खोडाजवळ पळसाची अर्धवट जळालेली फांदी पडली होती. घर पेटवणारा माणूस आग झोडपायला फांदी तोडत नाही, हे जमादारालाही कळलं.

टेकडीवर थोडं वर गेल्यावर राखेत काहीतरी चमकलं. उचललं. काठीच्या टोकाला बसवतात ती लोखंडी शेंबी होती. आतलं लाकूड जळून गेलेलं. शेंबीवर वेल्डिंगचा बारीक, सुबक टाका होता. मुलाने बापाच्या काठीला बसवून दिलेली असणार.

दोन पंच बोलावून रीतसर पंचनामा केला आणि शेंबी मुद्देमालात घेतली. ती हातात धरून उभा असताना मला कसलाही आनंद झाला नाही, हे सांगितलं पाहिजे. तपासात धागा सापडला की एरवी अंगात तरतरी येते. त्या दिवशी वाटलं, नसती सापडली तर बरं झालं असतं.

ठाण्यात पुन्हा बोलावलेल्या वेल्डिंगवाल्यासमोर मी काही न बोलता ती टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली आणि एवढा दांडगा गडी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. जमादाराने दार लोटून घेतलं.

“जेवाले घरी आलो होतो, साहेब,” तो म्हणाला. “पाह्यलं तं टेकडी पेटेल. बाबा त्या आगीत उभे, काठीनं झोडपून राह्यले. काठी पेटली तरी झोडपून राह्यले. म्या थे पेटेल काठी हातावर आडवून त्याहिले वढून आनलं, दावे कापले, तवरिक वारा फिरला अन् आग ढोराच्या कुटाराच्या गंजीवर आली. मंग घर काई राह्यलं नाई. बाबा बेशुद्ध होते. दवाखान्यात डोये उघडले तं म्हने, वणवा कोठून आला रे? म्या म्हटलं, डोंगरातून आला, बाबा. थे काई बोलले नाई. मले वाटते त्याहिले याद नाई.”

मी त्याला म्हटलं, “अरे वेड्या, चुकून लागलेल्या आगीचा विमा मिळतो. मुद्दाम लावलेल्या आगीचा मिळत नाही. खरं सांगितलं असतंस तर कोणी तुझ्यावर बोट ठेवलं नसतं. खोटं बोलून तू हातचं घालवायला निघालास.”

“माईत हाय,” तो म्हणाला. “बँकेवाल्यानं सांगतलं होतं मले. पन खरं सांगतलं तं बाबाचं बयान लागन. त्याहिले कयन का घर त्याहिच्या हातानं जळलं. माय गेल्यापासून थे तसेच अर्धे झाले हायत. साहेब, लोकं मले घरजाळ्या म्हनते, म्हनू द्या. विमा बुडाला तं बुडाला. बाबाले नोका सांगू.”

नोकरीत मी खोटं बोलणारे हजारो पाहिले. पैशासाठी, बाईसाठी, जमिनीसाठी, नुसत्या सवयीने खोटं बोलणारे. हा एकटाच असा भेटला की ज्याचं खोटं त्यालाच खड्ड्यात घालत होतं आणि तो ते सोडत नव्हता. पण अहवाल माझ्या सहीने जाणार होता. शेंबी पंचनाम्यात आली होती. ती कोणाची हे लिहायचं तर म्हाताऱ्याचा जबाब घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आडवळणाने विचारतो, जमेल तेवढं सांभाळतो.

टिनाच्या खोलीत मी आणि लेखनिक शिपाई गेलो. मुलाला आणि सुनेला बाहेर थांबायला सांगितलं. मी आडवळणाने विचारायची तयारी करत होतो, तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर माझ्या हातातल्या पाकिटाकडे गेली. पाकिटातून शेंबीचा आकार दिसत होता.

“माही हाय थे,” तो शांतपणे म्हणाला. “पोरानं करून देल्ली होती. ल्याहा साहेब, सांगतो.”

आणि त्याने सगळं सांगितलं. काहीही विसरला नव्हता. धुरा दरवर्षी तोच पेटवत असे, आणि पळसाची फांदी घेऊन त्याची बायको उभी राहत असे. या वर्षी ती नव्हती. “पोराले काम असते, सुनीले कायले उन्हात उभं करू? म्हटलं, एकटाच करतो. फांदी तोडून आनली. सकाळीच पेटवला. इझला समजून घरी येऊन बसलो. खोडात इस्तो राह्यला. बुढी असती तं तिनं पाह्यलं असतं. ती खोडं पाहे, प्रत्येक खोडात हात घालून पाहे.”

“मग इतके दिवस बोलला नाहीत काहून?” माझ्या तोंडूनही त्याचीच बोली निघाली.

“पोरगा म्हने वणवा डोंगरातून आला. म्या म्हटलं, विम्यासाठी म्हनत असन. म्या खरं सांगतलं तं त्याचा विमा जाईन. म्हनून चूप राह्यलो.”

शिपायाची लेखणी थांबली होती. मी त्याला लिहायला खूण केली.

जबाब लिहून झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो आणि ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ म्हणून खाली सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. म्हाताऱ्याला ऐकायला कमी होतं. शिपायाला मोठ्याने वाचावं लागलं. एकेक वाक्य, दोन-दोनदा. ‘सदरची आग माझ्याच हातून लागली आहे.’ म्हातारा मान हलवत होता. शेवटी त्याने अंगठा उमटवला आणि शाई धोतराला पुसत म्हणाला, “एक मागनं हाय, साहेब. मले माईत होतं, हे पोराले नोका सांगू. त्याले वाटू द्या का बाबाले काई याद नाई. लय आटापिटा करून राह्यला थो माह्यासाठी.”

मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. मुलगा पत्र्याला टेकून उभा होता. टिनाच्या भिंतीतून काय लपणार? त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. थोड्या वेळाने आत जाऊन त्याने बापाला पाणी दिलं. बापाने ते प्यायलं. जीपमध्ये बसल्यावर, मुलासोबत बाहेर थांबलेला जमादार डोळे पुसत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

अहवालात मी लिहिलं की आग निष्काळजीपणाने लागली, कोणताही घातपात नाही. मुलाने आधी खोटा जबाब दिला त्याबद्दल वरिष्ठांनी समज देऊन सोडायला सांगितलं. विमा कंपनीने त्या पहिल्या जबाबावर बोट ठेवून प्रकरण पुष्कळ दिवस लटकवलं. नागपूरचा तपासनीस स्वतः मुलाच्या बाजूने बोलला, तेव्हा कुठे काटछाट करून रक्कम मिळाली. वनखात्याने टेकडी जळाल्याबद्दल म्हाताऱ्यावर गुन्हा नोंदवला. मुलाचा हात धरून तो कोर्टात आला आणि न्यायाधीशांनी विचारायच्या आत कबूल म्हणाला. दंड झाला, तो मुलाने भरला. चुलतभाऊ त्या दिवशी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर होता. तो म्हाताऱ्याच्या पायांशी वाकला. म्हाताऱ्याने पाय मागे घेतले नाहीत.

घर पुन्हा उभं राहिलं, पूर्वीपेक्षा लहान. वास्तुशांतीला मी गेलो होतो. म्हातारा उंबरठा ओलांडून आत आला नाही. सुनेने विनवलं, नातींनी हात ओढले. “ढोराजवळ कोनी पाह्यजे,” म्हणून तो टिनाखालीच राहिला. विडी त्याने आगीच्या दिवसापासून सोडली होती. हिवाळ्यात शेकोटीपाशीही बसत नसे, घोंगडी ओढून लांब बसायचा. तो धुरा पुन्हा कोणी पेटवला नाही. मुलगा दुकानाला सुट्टी देऊन विळ्याने गवत कापायचा आणि म्हातारा जाऊन प्रत्येक खोडात हात घालून पाहायचा.

मी निवृत्त झाल्यावर एके दिवशी वेल्डिंगवाल्याचा फोन आला. “साहेब, बाबा गेले. तुमी याच लागते. इथं भाऊबंद आयकून नाई राह्यले.”

गेलो. अंगणात माणसं जमली होती आणि तावातावाने बोलत होती. लाकडं येऊन पडली होती. म्हाताऱ्याने जाण्याआधी मुलाला सांगितलं होतं, “मले जाळू नोको. आग नोको. धुऱ्यापाशी गाडजो.” भाऊबंदांना ते मान्य नव्हतं. आपल्यात पुरत नाहीत, लोक काय म्हणतील, बाप मेला तरी पोराची अक्कल ठिकाणावर नाही. मुलगा मधोमध उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

ठाणेदारकी संपली होती. तिथे माझा काही अधिकार नव्हता. पण वर्षानुवर्षं खाकी घातलेल्या माणसाच्या आवाजात थोडी जरब शिल्लक राहते, ती मी वापरली. म्हटलं, “हा त्यांचा मृत्युपूर्व जबाब आहे. मरताना माणूस खोटं बोलत नाही असं कोर्टही मानतं. यात बदल होणार नाही.”

पहिली कुदळ चुलतभावाने घेतली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं पुष्कळ जण विचारतात. गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात नकळत भिनवलेलं असतं. त्यानंतर समोरचा गप्प बसला की तो कोणाला वाचवतोय, हे मी आधी पाहायला लागलो. शिकलो ते एवढंच. पण त्या दोघांनी एकमेकांना वाचवायला धरलेली चुप्पी मीच वाचून दाखवायला लावलेल्या जबाबाने मोडली, आणि मोडल्यावरही ते त्यावर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर म्हातारा तो उंबरठा ओलांडून आत आला असता का, ते मला माहीत नाही.

माती लोटून झाल्यावर मुलाने खिशातून शेंबी काढली. प्रकरण मिटल्यावर कोर्टाने ती परत दिली होती. त्याने ती उशाकडच्या मातीत खोल दाबली. मग उठला, धुऱ्यावर गेला आणि एकेका खोडात हात घालून पाहू लागला.